जर्मनीत घरी एसी हवा की नको? (फ्रायबुर्गच्या उकाड्यातून)

छपराखालची:
सोमवारपासून फ्रायबुर्गात रोज दुपारी ३४ ते ३६ अंश चालू आहे. ते बाहेर. आमच्या घरात काल रात्री साडेअकराला ३१ होतं. वीरं भागात एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणजे डोक्यावर थेट कौलं. उतरत्या छपराला दोन खिडक्या, त्यांना बाहेरून झडपा नाहीत. पंखा टांगायला छताला हूक नाही. सूर्य मावळतो साडेनऊला. तोवर कौलं तापतात आणि मग रात्रभर आपल्याला शेकतात.

घरमालकांना विचारलं, आमच्या खर्चाने भिंतीवरचा एसी बसवू का? उत्तर दोन ओळींचं आलं. एक, बाहेरची भिंत वारसा म्हणून जतन केलेली आहे, तिला भोक पाडता येणार नाही. दोन, उकाडा आठवडाभराचाच असतो. पहिल्या ओळीशी माझं भांडण नाही. दुसरीशी आहे, कारण शेजारणीपासून ऑफिसातल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळे तेच ऐकवतात. याच गावात ऑगस्ट २००३ मध्ये ४०.२ अंश नोंदले गेलेत. देशाचा उच्चांक ४१.२, तो २५ जुलै २०१९ चा. तरी दर उन्हाळ्यात "एकच आठवडा गं".

माझं म्हणणं एवढंच: हिवाळ्यात घर दिवसा २० अंशांच्या वर राहिलंच पाहिजे, हा इथे भाडेकरूचा हक्क आहे. कोर्टंही तेच म्हणतात. हीटर बंद पडला तर भाडं कमी करून मिळतं. मग उन्हाळ्यात घर २६ वर ठेवायचं म्हटलं की ती चैन कशी होते? एसी मागितला तर लोक असे बघतात, जणू मी घरात बिबट्या पाळायची परवानगी मागतेय.

वऱ्हाडी_ठेचा:
ताई, मी अकोल्याचा. मे महिन्यात ४५ बघून वाढलेल्या माणसाला ३५ सांगून घाबरवू नका 😄 पहाटे पाचला खिडक्या सताड उघडा, आठला बंद करून पडदे ओढा, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, दुपारी चूल पेटवू नका. आमच्या आजीने जन्मभर हेच केलं. आणि संध्याकाळी ऑफिस सुटलं की ऑपफिंगच्या तळ्यावर जा ना. रात्री दहापर्यंत उजेड, पाण्यात पाय, हातात कलिंगड. अशी संध्याकाळ अकोल्यात मिळते का? दार लावून एसीत बसायचं होतं तर जर्मनीला कशाला आलात?

छपराखालची:
@वऱ्हाडी_ठेचा आजींच्या घरात पंखा होता की नव्हता? कूलर? वाळ्याची ताटी? पाणी शिंपडून खाट टाकायला गच्ची? यातली एक तरी वस्तू माझ्याकडे आहे का सांगा. इथे फरशी नाही, लाकूड आहे. ओल्या फडक्याने रोज पुसलं तर ते फुगेल आणि पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले जातील. मी काल ३३ अंशांत पोळ्या लाटल्या. सहावी पोळी तव्यावर टाकली आणि स्वयंपाकघरातून उठून जिन्यात जाऊन बसले, कारण इमारतीत तेवढीच जागा गार आहे.

नवखी_सप्टेंबरपासून:
मी शिकायला येतेय. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये खोली मिळालीय. पंखा भारतातून आणू का? 🙈

वऱ्हाडी_ठेचा:
आणू नको, इथे मिळतो. फक्त एप्रिलमध्ये घे. या आठवड्यात दुकानात जाशील तर रिकामं शेल्फ बघून परत येशील. रविवारी तर दुकानच बंद.

फाउबानकर:
मी एसीच्या विरोधात आहे, पण "आजी बघा कशा राहायच्या" हा मुद्दा मला पटत नाही. मुळात प्रश्न चुकीच्या टोकाला धरलाय. ऊन काचेतून आत आलं की खेळ संपला. आतून कितीही जाड पडदा लावा, उष्णता पडदा आणि काच यांच्यामध्ये अडकते आणि खोलीतच उतरते. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. म्हणून इथल्या जुन्या घरांना लाकडी झडपा असायच्या, नंतर गुंडाळीचे शटर आले. मी गावातल्याच फाउबान वस्तीत राहतो. पूर्वी तिथे फ्रेंच सैन्याच्या बराकी होत्या, आता जाड भिंतींची, कमी ऊर्जेची घरं आहेत. माझ्या घरात आज दुपारी साडेचारला २५ होतं. एसी नाही. सकाळी सातला शटर खाली, रात्री सगळं उघडं.

आणि आपल्या गावाला एक देणगी आहे, ती विसरू नका. सूर्य मावळला की पूर्वेच्या ह्योलेंटाल खोऱ्यातून गार वारा खाली उतरतो आणि ड्राइझाम नदीच्या काठाकाठाने गावात शिरतो. तुमच्या वीरंला तर तो आमच्याआधी पोचतो. अशा गावात घराघरांतून गरम हवा अंगणात फेकणारी यंत्रं लागली तर रात्री खिडकी उघडून उपयोग काय? तुमचं थंड होईल, खालच्याचं तापेल. आवाजाचं वेगळंच. निव्वळ राहत्या वस्तीत रात्री अशा यंत्रांसाठी मर्यादा ३५ डेसिबल आहे. इथे दहानंतर बाल्कनीत हसलो तरी शेजारी खिडकी लावून घेतात.

छपराखालची:
@फाउबानकर वारा पोचतो, रस्त्यावर. माझ्या दोन्ही खिडक्या छपराच्या एकाच उतारावर आहेत. वारा आत यायचा तर त्याला दुसरीकडून बाहेर पडायला वाट लागते, ती नाही. आणि २५ अंशांच्या घरात बसून मला एसी नको म्हणणं फार सोपं आहे हो. तुमची भिंत बिल्डरने दिली, माझी कोणी द्यायची?

सूनबाई_बाडेन:
तुमची खिडकी-चर्चा छान आहे, पण माझा प्रश्न वेगळा आहे. सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. सासऱ्यांचं वय ७८, रक्तदाबाची आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू. मंगळवारी दुपारी उठताना त्यांचा तोल गेला. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडलंय, उन्हाळ्यात गोळ्यांचं प्रमाण बघावं लागतं. ते बघितलं, आता बरे आहेत. पण त्यांना मी तळ्यावर पाठवू? पाचला उठून खिडक्या उघडायला लावू?

रोबर्ट कॉख या सरकारी आरोग्यसंस्थेच्या अंदाजानुसार २०२२ च्या उन्हाळ्यात जर्मनीत उष्णतेमुळे सुमारे ४,५०० माणसं गेली, २०२३ मध्ये सुमारे ३,२००. बहुतेक ७५ च्या पुढची. फ्रान्समध्ये २००३ च्या एका ऑगस्टमध्ये सुमारे १५,००० गेली, त्यांत एकटे राहणारे म्हातारे कितीतरी. वीज किती जळते आणि अंगण किती तापतं हे हिशेब पन्नाशीच्या आतल्यांनी करावेत. माझ्या घरात एक खोली गार असणारच. आम्ही नळीवालं, चाकांचं यंत्र आणलंय, दुपारी एक ते सात चालतं. कोणाला विचारलं नाही.

फाउबानकर:
तुमच्या बाबतीत काहीच म्हणणं नाही, योग्य केलंत. पण अशा माणसांसाठी गावाने गार जागा उघडाव्यात, घरोघर यंत्रं नकोत. इथलं म्युन्स्टर, म्हणजे मोठं चर्च, आतून किती गार असतं बघा, दगडी भिंती आहेत. वाचनालयं आहेत.

सूनबाई_बाडेन:
म्युन्स्टरमध्ये रात्री झोपायला देतात का?

ऑफिसातला_पंखा:
सूनबाईंना १००.

कामाच्या जागेचंही बोलू. ऑफिससाठी इथे नियम आहे: खोलीत २६ च्या वर गेलं की मालकाने उपाय करावेत, ३० च्या वर गेलं की केलेच पाहिजेत, ३५ च्या वर उपायांशिवाय ती खोली कामाला योग्यच नाही. उपाय म्हणजे काय, तर आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या आणि सातला कामावर यायची मुभा. घरून काम करा म्हणाले, तर घरच्या टेबलाला तो नियम फारसा लागत नाही. वर शाळेने उकाड्याची सुट्टी दिली की मुलगा साडेअकराला दारात. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते, म्हणजे हा सगळा जुलै असाच. दोघंही ३२ अंशांत, एक मीटिंगमध्ये आणि एक बर्फाचे तुकडे चघळत.

वऱ्हाडी_ठेचा:
मुलाला बेश्लेत सोडा की! जुन्या गावातले रस्त्याकडेचे ते पाण्याचे पाट कशासाठी आहेत? लाकडी होडीला दोरी बांधून ओढत नेतात पोरं, तास कसा जातो कळत नाही. फक्त स्वतः चुकून पाय घालू नका, फ्रायबुर्गकराशी लग्न लागतं म्हणतात 😄 (माझा गेला होता. अजून बघतोय वाट.)

ऊन_विकणारा:
सौर पॅनलच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं. एसी म्हणजे वीज म्हणजे पाप, हे समीकरण आता जुनं झालं. एसी सगळ्यात जास्त कधी लागतो? कडक उन्हात. पॅनल सगळ्यात जास्त वीज कधी देतं? तेव्हाच. ऑक्टोबर २०२४ पासून बाल्कनीतलं छोटं पॅनल हा भाडेकरूचा हक्क आहे, घरमालक सबळ कारणाशिवाय नाही म्हणू शकत नाही. त्यातून ८०० वॉटपर्यंत वीज घरात घेता येते. चाकांचा एसी साधारण हजारभर वॉट खातो. बराचसा भार तिथेच भागला. पॅनल लावायचा हक्क आहे आणि त्याच्या विजेवर चालणारा एसी लावायचा नाही, हे मला गमतीचं वाटतं.

फाउबानकर:
छपराखालच्या ताईंना बाल्कनी आहे का विचारलंत का? आणि त्यांचा त्रास रात्री साडेअकराचा आहे. तेव्हा तुमचं पॅनल काय देणार?

ऊन_विकणारा:
संध्याकाळी आठपर्यंत खोली गार करून ठेवली तर रात्री ३१ होणार नाही. बाल्कनीचं मान्य.

कुरडया_इन_एक्साइल:
मी कोणत्याच बाजूची नाही. मला हा आठवडा वर्षभर हवा असतो. बाल्कनीत जुन्या चादरीवर सांडगे घातलेत, दोन दिवसांत कडकडीत. समोरच्या आजोबांनी विचारलं, पक्ष्यांसाठी आहे का? तळून नेऊन दिले. आज त्यांच्या परसातले जर्दाळू आले टोपलीभर. बुटरमिल्खमध्ये जिरं-मीठ घाला, आपलंच ताक. बरं, चालू द्या तुमचं.

छपराखालची:
सांडगे वाळतात त्या उन्हात मीही वाळतेय, एवढंच 🙏

फाउबानकर, तुमचं बाहेरून ऊन अडवायचं म्हणणं मी घेतलंय. छपराच्या खिडकीला बाहेरच्या बाजूने लावायची जाळी मिळते, आतून अडकवता येते, भिंतीला भोक नाही. घरमालकांना लिहिलंय, खर्च त्यांनी करावा म्हणून. पण जाळीने घर ३१ चं २८ होईल, २४ नाही. मी एसीही मागवतेय, सूनबाईंसारखा चाकांचा. आणि घरमालकांना पुढच्या पत्रात विचारणारच आहे की २० चा नियम आहे तर २६ चा का नसावा.

फाउबानकर:
मागवा. फक्त एका नळीचा घेऊ नका. तो खोलीतली हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच गरम हवा दाराच्या फटींतून आत ओढली जाते. दोन नळ्यांचा घ्या. आणि नळीभोवतीची फट बुजवायला छपराच्या खिडकीला बसणारं कापडी झाकण वेगळं मागवावं लागतं. साध्या खिडकीचं तिला बसत नाही.

छपराखालची:
दोन नळ्यांचा आत्ताच बघितला. दोन आठवड्यांनी येईल म्हणतात.

वऱ्हाडी_ठेचा:
रविवारी गडगडाट सांगितलाय. तोवर कपाटातून स्वेटर बाहेर काढाल 😄

छपराखालची:
मग ऑगस्टमध्ये लागेल. ऑर्डर दिलीय.