‘बी वॉटर’: ब्रूस लीची घडण की हॉलिवूडविरुद्धची फिर्याद?

चित्रकथी (धागाकर्ता)

बाओ नुयेन यांचा ‘बी वॉटर’ हा २०२० सालचा माहितीपट ब्रूस लीच्या जगप्रसिद्ध होण्याआधीच्या वर्षांवर भर देतो. सिएटलमधील विद्यार्थिदशा, कुंग फूचे वर्ग, ‘द ग्रीन हॉर्नेट’ या १९६६-६७ मधील मालिकेतील केटोची दुय्यम भूमिका, त्यानंतरचे नकार आणि अखेर हाँगकाँगला परतून मिळवलेले यश, असा त्याचा क्रम आहे. माहितीपट देखणा आहे. माझा आक्षेप मांडणीवर आहे. हॉलिवूडने दार लावले म्हणून ब्रूस ली घडला, असे एक सूत्र धरले की त्या सूत्रात न बसणारे सारे आपोआप प्रस्तावनेत जाते.

ब्रूस लीची सुरुवात अमेरिकेत झालीच नाही. त्याचा जन्म १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला हे खरे, पण ते आईवडील नाटक मंडळीच्या दौऱ्यावर होते म्हणून. वडील ली होइ-च्युएन हे कँटनीज ऑपेरातील नावाजलेले विनोदी नट. मुलगा तान्हा असतानाच एका चित्रपटात दिसला, १९५० च्या ‘द किड’मध्ये त्याने प्रमुख भूमिका केली आणि १९५९ मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वी त्याच्या नावावर सुमारे वीस चित्रपट जमा होते. इप मान या गुरूंकडील विंग चुन या युद्धकलेची तालीमही याच काळातली. एवढ्या शिदोरीसह गेलेल्या नटाला ‘नवखा स्थलांतरित’ म्हणून उभे करणे मला पटत नाही.

उत्तररंग

आपला आक्षेप माहितीपटाने काय केले नाही यावर आहे. त्याने काय केले आहे ते आधी पाहावे, असे मला वाटते. नुयेन स्वतः व्हिएतनामी वंशाचे अमेरिकन आहेत आणि त्यांना प्रश्न पडला आहे तो अमेरिकेविषयी. ज्या देशाने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना येण्यास बंदी घातली आणि ती १९४३ पर्यंत उठवली नाही, ज्या देशात ‘द गुड अर्थ’ या १९३७ च्या चित्रपटातील चिनी शेतकरी दांपत्य पॉल म्युनी आणि लुइझा रायनर यांनी रंगवले आणि रायनर यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले, त्या देशात १९६६ साली एक चिनी तरुण दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर दिसतो, पण मोटार चालवणारा साहाय्यक म्हणून. हा संदर्भ काढून घेतला तर केटो ही निव्वळ एक छोटी भूमिका उरते. सिएटलमधील त्याची जपानी वंशाची मैत्रीण दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना ज्यांत डांबले त्या छावण्यांबद्दल बोलते, तो भाग काहींना विषयांतर वाटेल. मला तो माहितीपटाचा कणा वाटतो.

चित्रकथी

संदर्भाला माझी हरकत नाही. पण या साऱ्या काळातील सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ब्रूस लीची फेब्रुवारी १९६५ मधील स्क्रीन टेस्ट, आणि ती माझ्याच बाजूने साक्ष देते. काळा सूट, टाय, समोर कॅमेरा. नुकताच मुलगा झाल्यामुळे झोप झालेली नाही, असे तो हसत सांगतो. मग त्याला चिनी ऑपेराविषयी विचारतात, तेव्हा तो उठून योद्धा कसा चालतो आणि पंडित कसा चालतो ते चालून दाखवतो. योद्ध्याची छाती पुढे येते, पंडिताचे खांदे मिटतात, आणि दोन पावलांत माणूस बदलतो. पुढे एका वयस्कर गृहस्थांना समोर उभे करून तो त्यांच्या चेहऱ्यापाशी इतक्या वेगाने हात नेतो की ते बिचारे दचकतात आणि सेटवर हशा पिकतो. ही चाल, हे भान, कॅमेऱ्यापुढची ही निर्धास्त वृत्ती हॉलिवूडच्या नकारातून आलेली नाही. ती वडिलांच्या रंगभूमीवरून आणि हाँगकाँगमधील कौलूनच्या स्टुडिओंतून आली आहे.

तिसरी घंटा

दोघांनाही अडचणीचा ठरेल असा एक दाखला देतो. माहितीपटाचे नाव ज्या वचनावरून आले आहे, ते पाण्यासारखे होण्याचे वचन ब्रूस लीने पियर बर्टन या कॅनडियन पत्रकाराला डिसेंबर १९७१ मध्ये हाँगकाँगमध्ये दिलेल्या मुलाखतीत पुन्हा म्हणून दाखवले. त्याच मुलाखतीत ‘द वॉरियर’ या, त्याला नायक करून बेतलेल्या अमेरिकन मालिकेचा विषय निघाला. चिनी नायक घेणे निर्मात्यांना व्यावसायिक जोखमीचे वाटते, असे त्याने सांगितले, आणि मी त्यांना दोष देत नाही, हाँगकाँगमध्ये एखादा परदेशी नट आला असता आणि पैसा माझा असता तर मलाही हीच धास्ती वाटली असती, अशा अर्थाचे पुढे जोडले. हा सूर फिर्यादीचा नव्हे, हिशेबी माणसाचा आहे.

‘कुंग फू’ ही अमेरिकन मालिका डेव्हिड कॅरडाइन या गोऱ्या नटाला मिळाली, ती ब्रूस लीची कल्पना चोरूनच, असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. त्या मालिकेचे मूळ लिखाण एड स्पीलमन आणि हॉवर्ड फ्रीडलँडर यांचे स्वतंत्र होते. भूमिका वंशामुळे गेली असे म्हणता येईल. चोरी झाली असे म्हणणे वेगळे.

उत्तररंग

चोरीचा आरोप मी केलेला नाही. मात्र दोष न देणे म्हणजे अन्याय न होणे, असे आपण मानता का? १९७१ मध्ये ज्याला अजून हॉलिवूडमध्ये काम हवे आहे, तो माणूस कॅमेऱ्यासमोर हॉलिवूडला शिव्या घालणार नाही, एवढे व्यवहारज्ञान त्याच्याकडे नक्कीच होते. आणि धागाकर्त्यांच्या हाँगकाँगविषयी: तिथे पायघड्या नव्हत्या. शॉ ब्रदर्स या तिथल्या बड्या चित्रपटसंस्थेने देऊ केलेला करार नवख्या नटाला शोभेल असाच होता. रेमंड चाऊ यांच्या गोल्डन हार्वेस्ट या नव्या संस्थेने दोन चित्रपटांचे मिळून १५,००० डॉलर दिले, त्यातला पहिला ‘द बिग बॉस’, थायलंडमध्ये तुटपुंज्या साधनांत चित्रित झालेला. शिवाय हाँगकाँगच्या प्रेक्षकांना तो नव्याने माहीत झाला तो ‘द ग्रीन हॉर्नेट’मुळेच, तिथे ती मालिका ‘केटोचा कार्यक्रम’ म्हणून ओळखली जाई. म्हणजे अमेरिकेने ज्याला साहाय्यक केले, त्याला हाँगकाँगने त्याच फितीवरून नायक मानले. बालपणीचे वीस चित्रपट असूनही हे घडायला केटो लागला, याचे उत्तर आपण द्यावे.

चित्रकथी

उत्तर सोपे आहे: केटो पाहणारा प्रेक्षक त्याला ‘आपला पोरगा’ म्हणून ओळखत होता, कारण त्याने त्याला लहानपणापासून पडद्यावर पाहिले होते. अनोळखी चिनी नट त्या जागी असता तर मालिकेचे नाव बदलले असते असे मला वाटत नाही.

तिसरी घंटा

हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण एक मान्य करावे लागेल: माहितीपटात बोलणारे चेहरे समोर न आणता नुसते आवाज जुन्या चित्रणावर ठेवले आहेत, आणि ही पद्धत स्वीकारली की जिथे चित्रण भरपूर तिथेच कथा रेंगाळते. अमेरिकन दूरचित्रवाणीने पुष्कळ जपले. पन्नाशीच्या दशकातील कँटनीज चित्रपटांपैकी बरेच हरवले. धागाकर्त्यांना जो तोल चुकलेला दिसतो, त्यात दिग्दर्शकाच्या मताइतकाच या फितींच्या नशिबाचाही हात असावा.

उत्तररंग

‘द किड’ आजही पाहायला मिळतो. त्यामुळे मी फितींवर सगळे ढकलणार नाही. नुयेन यांनी निवड केली आहे आणि मला ती निवड मान्य आहे.