कमोडोर ६४: मासिकातलं संगीताचं लिस्टिंग चालू झालं, पण सूर पेटीशी जुळेना

पेटीचा_मुलगा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

१९८४ च्या एका अमेरिकन कॉम्प्युटर मासिकाचा स्कॅन मिळाला, त्यात कमोडोर ६४ या त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी बेसिक भाषेतला एक छोटा प्रोग्राम छापलाय. तेव्हा मासिकात लिस्टिंग, म्हणजे अख्खा छापील प्रोग्राम, यायचं आणि लोक घरी बसून ते ओळ न ओळ टाइप करायचे, त्यातलाच प्रकार. मिन्युएट इन जी आहे, तोच तो, वर्षानुवर्षं बाखच्या नावावर खपलेला आणि खरा क्रिस्टियान पेट्झोल्डचा. साधारण ऐंशी ओळी, त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसत्या डेटाच्या, म्हणजे स्वरांच्या आकड्यांच्या.

मी आळशीपणा केला. टाइप न करता स्कॅनवरून ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) टेक्स्ट काढलं आणि पेटकॅट नावाच्या टूलने त्याची कमोडोरला चालणारी पीआरजी फाइल केली. पहिली रात्र सिंटॅक्स एररमध्येच गेली, कारण पेटकॅटला बेसिकचे शब्द स्मॉल लेटर्समध्ये लागतात आणि माझं टेक्स्ट सगळं कॅपिटलमध्ये होतं. ते सापडल्यावर प्रोग्राम व्हाइसवर, म्हणजे कमोडोरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर, चालला. आता तीन अडचणी आहेत.

एक, सुरुवातीला चाल बरोबर येते, मग एका ठिकाणी अचानक वेड्यासारखं कायतरी वाजायला लागतं, आणि शेवटी आऊट ऑफ डेटा एरर येते. एरर रीडची, म्हणजे डेटातले आकडे वाचणारी, ओळ दाखवते, पण रीडची ओळ मी दहा वेळा बघितली, ती बरोबर आहे.

दोन, जो भाग बरोबर वाजतो तोही बेसूर आहे. म्हणजे आपसात सूर बरोबर लागतात पण पट्टीच भलती आहे. आमची आई पेटी शिकवते, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पेटीवर दाबून बघून म्हणाली, "अरे हे काळी चार पण नाही आणि पांढरी सहा पण नाही, मधेच कुठेतरी लोंबकळतंय." (काळी चार म्हणजे जी शार्प, पांढरी सहा म्हणजे ए.) ट्यूनर अ‍ॅप लावलं तर जिथे ए, म्हणजे ४४० हर्ट्झ यायला हवा, तिथे ४२४ दाखवतंय. डेटामध्ये त्या स्वराला २८,४९ असे आकडे आहेत.

तीन, प्रत्येक ओळीच्या शेवटी रेम (बेसिकमध्ये नुसती टीप लिहायचा शब्द) आणि पुढे एक आकडा आहे, जसं रेम ८७, रेम २१४. हे काय आहे? मी सगळे ठेवलेत. चुकलं का?

खटपट्या_काका

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण त्यातच पहिल्याचं औषध आहे.

तो रेमचा आकडा प्रोग्रामचा भाग नाहीच, तो टाइप करायचाच नसतो. तो चेकसम आहे, म्हणजे ओळीतल्या अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा. कॉम्प्यूट्स गॅझेट या मासिकाने १९८३ च्या शेवटी ऑटोमॅटिक प्रूफरीडर नावाचा एक छोटा प्रोग्राम दिला होता. तो आधी चालवून ठेवायचा, मग लिस्टिंगची एकेक ओळ टाइप करून रिटर्न दाबलं की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा येतो. तो छापलेल्या आकड्याशी जुळला की पुढची ओळ. रेमसकट टाइप केलंत तर अर्थातच जुळणार नाही, कारण मग रेमही बेरजेत जातो. चेकसम छापलेलं लिस्टिंग मिळालंय म्हणजे नशीबवान आहात, बऱ्याच मासिकांत हे नव्हतंच.

आता तुमचं वेड्यासारखं वाजणं. तुमचे आकडे तीन-तीनच्या गटात असणार, स्वराच्या आकड्याचा वरचा बाइट, खालचा बाइट आणि किती वेळ. ओसीआरने कुठेतरी स्वल्पविरामाचा पूर्णविराम केला असणार, माझं शंभर टक्के मत. २८,४९ चं २८.४९ झालं की बेसिक काहीच बोलत नाही, अठ्ठावीस पूर्णांक एकोणपन्नास शतांश असा एकच आकडा म्हणून गुपचूप वाचतं. पोक करताना, म्हणजे आकडा मेमरीत टाकताना, अपूर्णांक कापला जातो, त्यामुळे तिथेही एरर नाही. पण एक आकडा कमी झाला ना, मग तिथून पुढे सगळी पंगत एक पाट सरकते. वेळेचा आकडा स्वरात जातो आणि स्वराचा वेळेत. शेवटी एक जण उपाशी राहतो, तीच तुमची आऊट ऑफ डेटा.

(स्वल्पविराम नुसताच उडाला असता तर २८४९ झालं असतं आणि इल्लीगल क्वांटिटी एरर लगेच आली असती, कारण पोकमध्ये २५५ च्या वर जाता येत नाही. आणि शून्याच्या जागी ओ अक्षर आलं असतं तर सिंटॅक्स एररमध्ये डेटाचीच ओळ दाखवली असती. पूर्णविराम मात्र घरभेदी.)

शोधायचं कसं? चाल बिघडली त्या क्षणी रन-स्टॉप दाबा आणि प्रिंट पीक(६३)+२५६*पीक(६४) द्या. त्या वेळी कुठल्या डेटा ओळीवरून वाचन चालू होतं तिचा नंबर येईल. त्या ओळीत किंवा तिच्या आधीच्या एक-दोन ओळीत चोर सापडतो.

सिड६५८१

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून मी लावतो, मला हाच जास्त आवडला. तुमच्या आईंचा कान एकदम बरोबर आहे.

कमोडोरच्या आवाजाच्या सिड चिपला हर्ट्झ कळत नाहीत, त्याला एक आकडा द्यावा लागतो, आणि त्या आकड्याचा स्वर मशीनच्या घड्याळावर ठरतो. सूत्र असं: आकडा गुणिले क्लॉक भागिले १,६७,७७,२१६. अमेरिकेतल्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीच्या कमोडोरचा क्लॉक १०,२२,७२७ हर्ट्झ, आणि युरोपातल्या पाल पद्धतीच्या मशीनचा ९,८५,२४८. तुमचा २८,४९ म्हणजे २८ गुणिले २५६ अधिक ४९, बरोबर ७२१७. अमेरिकन मशीनवर त्याचे ४३९.९ हर्ट्झ होतात, म्हणजे ४४० च. पालवर ४२३.८. तुमच्या अ‍ॅपने दाखवले तेवढेच.

व्हाइस डीफॉल्टला पाल मशीन उघडतं. फरक जवळपास ६५ सेंटचा आहे, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण दोन तृतीयांश. त्यामुळे काळी चार ओलांडली पण पांढरी सहाला पोचलं नाही. आणि लयसुद्धा थोडी संथ वाजत असणार, कारण नुसत्या फॉर-नेक्स्टच्या रिकाम्या फेऱ्यांनी वेळ मोजलेला असेल तर तोही त्याच क्लॉकवर चालतो.

सगळ्यात सोपं म्हणजे व्हाइसच्या सेटिंगमध्ये मॉडेल एनटीएससी करा, संपलं. पाल मशीनवरच वाजवायचं असेल तर आकडे १.०३८ ने गुणा, ७२१७ चे ७४९१ होतात, म्हणजे २९,६७. फक्त हा गुणाकार प्रत्येक स्वराच्या वेळी करू नका, ते बेसिक आधीच गोगलगाय आहे, चाल अजून रेंगाळेल. सुरुवातीला सगळा डेटा अ‍ॅरेमध्ये वाचून गुणून ठेवा आणि मग वाजवा.

एक सावधगिरी. प्रत्येक लिस्टिंगला डोळे मिटून १.०३८ लावू नका. कमोडोरसोबत जे युजर्स गाइड यायचं त्यातल्या स्वरांच्या यादीत ए साठी २८,२१४ आहे, म्हणजे ७३८२. तो हिशोब सरळ दहा लाख हर्ट्झ क्लॉक धरून केलाय, म्हणून तो ना पालवर जुळतो ना एनटीएससीवर. पालवर ४३३.५ येतात आणि एनटीएससीवर ४५०. बऱ्याच लोकांनी मासिकांना प्रोग्राम पाठवताना तीच यादी उतरवलेली असायची. त्यामुळे आधी ए चा आकडा बघायचा, मग ठरवायचं.

कोमल_रिषभ

थोडं अवांतर, पण पेटीचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. मी लेस्टरला असतो, माझ्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम हा त्याच काळातला ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर आहे. त्याचं बीप (आवाज काढायची आज्ञा) अगदी गरीब, एकच आवाज, आणि तो वाजत असताना मशीन दुसरं काही म्हणजे काहीच करत नाही. पण त्याच्या १९८२ च्या मॅन्युअलमध्ये बीपच्या प्रकरणात चक्क भारतीय संगीताचा उल्लेख आहे! मधल्या सी ला शून्य धरून वर एकेक अर्धा स्वर मोजायचा, आणि भारतीय संगीतासारखं अर्ध्या स्वरापेक्षा लहान अंतर हवं असेल तर सरळ अपूर्णांक द्या, .५ दिलं की मधला स्वर मिळतो, असं लिहिलंय. मी त्यावर पुढे कोमल रिषभाचे चार-पाच प्रकार लावून बघितले होते. अतिकोमल बऱ्यापैकी लागतो. स्वराचं आंदोलन, म्हणजे त्याला हळू झुलवणं, मात्र नाही जमत, बीप-बीप-बीप असं तुटक येतं, चिमणीला उचकी लागल्यासारखं.

लॅबमधला_मागचा_बेंच

@कोमल_रिषभ बीबीसी मायक्रो या दुसऱ्या ब्रिटिश कॉम्प्युटरवर पण जमायचं थोडंफार. आमच्या शाळेत शाळांना कॉम्प्युटर देणाऱ्या त्या १९८४-८५ च्या सरकारी क्लास प्रोजेक्टमधून आलेली मशीन होती, चपला बाहेर काढून आत जायचं आणि एका कीबोर्डवर चौघं. त्यात साउंड १,-१५,५३,२० दिलं की मधला सी एक सेकंद वाजतो, ५३ म्हणजे सी आणि २० म्हणजे वीस विसांश सेकंद. एका अर्ध्या स्वरात चार पायऱ्या. म्हणजे तुझ्यासारखं हवं तिथे नाही थांबता येत, पण पंचवीस सेंटच्या पायरीवर उभं राहता येतं. सरांना मात्र आम्ही साउंड वाजवलेलं अजिबात आवडायचं नाही.

पेटीचा_मुलगा

काय माणसं आहात तुम्ही!

खटपट्या काका, पूर्णविरामच होता. एक नाही, तीन. पीक(६३) वाल्या युक्तीने पहिला दोन मिनिटात सापडला, मग बाकीचे डोळ्याने. मॉडेल एनटीएससी केलं आणि आईने पेटीवर पांढरी सहा दाबून धरली, तंतोतंत. आईला वाटतंय मी काहीतरी मोठं केलंय, मी सांगितलं नाही की एक मेनू बदललाय.

मग प्रूफरीडरपण चालवला आणि लिस्ट करून प्रत्येक ओळीवर रिटर्न दाबत गेलो. सगळे आकडे जुळले. तरी दोन गोष्टी राहिल्यात. एका जागी बी स्वर एकदम खाली खड्ड्यात पडतो. आणि पहिल्याच वाक्यात डी नंतर जी दोनदा आहे ना, तिथे आई म्हणते दोन स्वर आहेत आणि एकच लांब वाजतोय. चेकसम जुळल्यावर अजून काय बघायचं?

खटपट्या_काका

बी चा आकडा ३१,१६५ हवा. तुमच्याकडे १३,१६५ झालाय का बघा. तो सुरुवातीचा प्रूफरीडर नुसती बेरीज करायचा, त्यामुळे ३१ चे १३ झाले तरी बेरीज तीच राहते आणि त्याला पत्ता लागत नाही. १९८६ मध्ये नवा प्रूफरीडर आला, तो अक्षरांची जागाही बघायचा आणि आकड्याऐवजी दोन अक्षरं दाखवायचा. तुमचं लिस्टिंग ८४ चं, म्हणजे जुनाच.

एक विनंती, दुरुस्त करताना मूळ फाइलवर लिहू नका. स्कॅनमध्ये छापलंय तसं एक, आणि दुरुस्त केलेलं वेगळं एक. दुरुस्तीच्या फाइलमध्ये वर रेम घालून काय बदललं ते लिहा. मी अशी सतरा-अठरा लिस्टिंगं दुरुस्त केली आणि आता त्यातली छपाईची चूक कुठली आणि माझी कुठली हे मलाच सांगता येत नाही. निव्वळ गाढवपणा.

सिड६५८१

दोन जी चं मी सांगतो. मेमरीच्या ५४२७६ या जागेवर जे पोक आहे ते बघा. स्वर सुरू करताना ३३ असेल, म्हणजे सॉटूथ वेव्ह (आवाजाचा एक प्रकार) आणि गेट (स्वर सुरू-बंद करणारा स्विच) चालू. स्वर संपताना त्याच जागी ३२ जायला हवं, म्हणजे गेट बंद. गेट बंद होऊन परत उघडल्याशिवाय सिड नवा स्वर सुरूच करत नाही. वेगळे स्वर असले तर उंची बदलल्यामुळे चालून जातं, नुसते एकमेकांना चिकटून येतात, पण तोच स्वर दोनदा आला की एकच लांबलचक ऐकू येतो. ३२ वाली ओळ ओसीआरने गिळली असणार. प्रूफरीडर आहे त्या ओळी तपासतो, नसलेली ओळ त्याला कशी दिसणार. ओळींचे नंबर स्कॅनशी लावून बघा, मधला एखादा दहाचा टप्पा गायब असेल.

पेटीचा_मुलगा

१३,१६५ च होता. आणि ओळ २७० नाहीये! स्कॅनमध्ये नेमकी पानाच्या घडीवर आलीये, अर्धी पुसट, पण ५४२७६,३२ वाचता येतंय. घातली. आता दोन्ही जी वेगळे येतात, प्रत्येक स्वर सुटा, बोटं उचलून वाजवल्यासारखा.

आईने तीनदा ऐकलं. आता विचारतीये की हे काळी चारमध्ये करता येईल का, तिच्या एका विद्यार्थिनीला तीच पट्टी लागते.

सिड६५८१

येईल की. जी पासून काळी चार एक अर्धा स्वर वर, सगळे आकडे १.०५९५ ने गुणा.