अनुभव धागा: अकरावा ते चौदावा आठवडा – बाळ, आई, तपासण्या

सोनोग्राफी विभागातून:
आधी आठवडे नीट मोजा, निम्मा घोळ तिथेच होतो. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करायची. म्हणजे १२ आठवडे भरले तेव्हा बाळाचं खरं वय साधारण १० आठवडे. एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी) मुदत तोकडी आहे: ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस, आणि बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिमी. त्यापुढे हे माप ग्राह्य धरत नाहीत, म्हणून तारीख आधीच घेऊन ठेवा.

यात मानेमागच्या त्वचेखालचं पाणी मोजतात, तेही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत. बाळ बरोबर कुशीवरून दिसलं पाहिजे. त्याची मान मागे गेली असेल तर आकडा फुगतो, हनुवटी छातीला टेकली असेल तर कमी येतो. म्हणूनच "जरा खोका", "चालून या" असं सांगतात; त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. अकराव्या आठवड्यात बेंबीपाशी आतड्याचा छोटा फुगवटा दिसू शकतो. त्या दिवसांत आतडी नाळेत वाढतात आणि १२ आठवडे भरेपर्यंत बहुतेक आत जातात. तेवढ्यावरून दोष ठरवत नाहीत, पुन्हा पाहतात.

डबल मार्करच्या (बाळात डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्र दोषाचा धोका किती, हे पाहणारी आईच्या रक्ताची तपासणी) फॉर्मवर वजन, वय, मधुमेह, आयव्हीएफ हे अगदी खरं लिहा. वजन अंदाजे लिहिलं की धोक्याचा आकडाच बदलतो. शिवाय ही चाळणी आहे, निदान नव्हे.

प्रसूतिपूर्व तपासणीची परिचारिका:
वार (प्लासेंटा) आता हॉर्मोन्सचं काम पूर्ण सांभाळू लागते आणि एचसीजी हे गरोदरपणातलं हॉर्मोन उतरायला लागतं, म्हणून बहुतेकींची मळमळ हळूहळू निवते. पण पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद आणि जेमतेम होत असेल, तर घरी थांबू नका, सलाईन लागू शकतं. १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या पुढच्या हाडावर येतं, त्यामुळे मूत्राशयावरचा दाब थोडा हलका होतो. एकदम उठताना किंवा कूस बदलताना जांघेत कळ येते, ती बहुधा गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या (लिगामेंट) ताणल्यामुळे. आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन उठा. रक्तस्राव, ताप किंवा एकाच बाजूला न थांबणारी कळ असेल तर मात्र लगेच दाखवा.

बाळ हलतं का, असं अनेकजणी विचारतात. ते आत हातपाय मारतंच, पण बाराव्या आठवड्यात जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचं असल्याने तुम्हाला जाणवत नाही. पहिलटकरणीला बहुधा १८ ते २० आठवड्यांत कळतं.

गोळ्यांबद्दल:
फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम १२ आठवड्यांपर्यंत. मग सरकारी केंद्रात लोहाची गोळी मिळते, ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, रोज एक, १८० दिवस. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि दूध त्या वेळी नको. कॅल्शियम निदान दोन तासांच्या अंतराने, नाहीतर लोह अंगी लागत नाही. शौच काळी होते, ती लोहामुळेच. बद्धकोष्ठ झालं तर गोळी आपणहून बंद करू नका. पाणी, पालेभाजी, भिजवलेले मनुके वाढवा आणि पुढच्या भेटीत सांगा.