सीएनजीला पीयूसीतून सूट नाही

वर दोघांनी लिहिलंय की नव्या गाडीला पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) लागत नाही आणि सीएनजीला तर कायमचीच सूट आहे. पहिलं अर्धंच बरोबर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ प्रमाणे पहिल्या नोंदणीपासून १ वर्ष सूट मिळते, त्यानंतर प्रमाणपत्र हवंच. बीएस-४ आणि बीएस-६ (धुराचे नवे सरकारी निकष) गाड्यांना ते १२ महिने चालतं, जुन्यांना ६ महिने. सीएनजीची गाडीही तपासावीच लागते. सूट आहे ती बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना, कारण त्यांना धूरच नाही. कृपया सीएनजीवाल्यांना चुकीचा दिलासा देऊ नका. २०१९ पासून कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय लायसन्स ३ महिने जाऊ शकतं.

मला खरा राग येतो तो तपासणी यंत्राची नळी न घालता, नुसता नंबरप्लेटचा फोटो काढून प्रमाणपत्र छापून देणाऱ्यांचा. पेट्रोल गाडीची नळी सायलेन्सरमध्ये नीट आत जायला हवी; गाडी न्यूट्रलला ठेवून कार्बन मोनॉक्साइड मोजतात. डिझेलला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराचा दाटपणा बघतात. इंजिन आधी गरम असू द्या, थंड इंजिनाचा आकडा फसवा येतो.

आणि हो, पीयूसी नाही म्हणून विम्याचा क्लेम नाकारता येत नाही, हे इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्येच स्पष्ट केलंय.