घरपट्टीत ग्रंथालय उपकर लावावा का?

नदीकाठ

आमच्या प्रभागात महापालिकेचं वाचनालय आहे. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, मध्ये लांब टेबल. गेल्या वर्षापर्यंत सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 4 ते 8 उघडं असायचं. मानधनावरच्या लिपिक बाईंची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. आता एक शिपाई संध्याकाळी दोन तास कुलूप काढतो. पुस्तकांची देवघेव बंद, फक्त वर्तमानपत्रं. मी अंदाजपत्रक मिळवून पाहिलं. पुस्तक खरेदीच्या लेखाशीर्षावरची (अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या ओळीवरची) मागच्या वर्षीची रक्कम सुधारित अंदाजात दुसरीकडे वर्ग झाली होती. यंदा त्या शीर्षासमोर टोकन, म्हणजे नावापुरती तरतूद आहे, एक हजार रुपये. एवढ्या मोठ्या प्रभागासाठी!

हे एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आलं म्हणून झालेलं नाही. महापालिका अधिनियमात रस्ते, पाणी, सफाई ही अनिवार्य कर्तव्यं आहेत आणि ग्रंथालय ऐच्छिक. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या विषयांत, ग्रंथालय स्वतंत्रपणे 20 व्या क्रमांकावर आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत, त्यांत ग्रंथालय हा शब्दच नाही. सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना उत्तेजन, एवढ्या मोघम ओळीत ते गृहीत धरायचं. त्यामुळे पैसा कमी पडला की पहिली कात्री इथे लागते आणि कुणाला विचारावंही लागत नाही.

आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा. त्याआधी 1945 सालीच कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला होता, देशातला पहिला. एवढी जुनी परंपरा असूनही आपल्या कायद्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठी मूळ करावर लावलेला जादा कर, नाही. तमिळनाडूत मालमत्ता करावर 10 टक्के, कर्नाटकात 6 टक्के, केरळात 5 टक्के उपकर आहे. आपल्याकडे सगळं अनुदानावर, आणि अनुदान म्हणजे देणाऱ्याची मर्जी.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. शहरांत घरपट्टीवर छोटा ग्रंथालय उपकर लावा. आठ हजार घरपट्टी असेल तर 6 टक्क्यांनी वर्षाचे 480 रुपये होतात, महिन्याचे 40. तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी.

ताळेबंद

विरोधी आहे. तुमच्या वाचनालयाची अवस्था वाईट आहे हे मान्य, पण उपाय मान्य नाही.

माझं घरपट्टीचं बिल काढून बघितलं. सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष उपकर, अग्निशमन कर. माझ्या रस्त्यावरचं शेवटचं गुलमोहराचं झाड तोडून चार वर्षं झाली, वृक्ष उपकर चालूच आहे. एकदा बिलावर ओळ चढली की ती उतरत नाही आणि त्या ओळीचा पैसा कुठे गेला हे कुणी सांगत नाही. आमच्या भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात दुपारनंतर डॉक्टर नसतो. हाताशी एकच रुपया असेल तर मी तो तिथे देईन, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

दुसरं, ग्रंथालयांच्या नावावर काय चालत होतं तेही बोलू. 2012 च्या सुमारास राज्यभर पडताळणी झाली तेव्हा कित्येक वाचनालयं नुसती कागदावर निघाली. एक फलक, एक कपाट आणि दरवर्षीचं अनुदान. म्हणूनच नवीन मान्यता आणि वर्गवाढ (अ, ब, क, ड या वर्गांत वरचा वर्ग मिळणं) थांबवली गेली. आणि तुम्ही परंपरेचं म्हणता, तर रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. यातलं एकही घरपट्टीच्या उपकरावर उभं राहिलं नाही. लोकांनी एकत्र येऊन वर्गणी काढली आणि चालवली. ज्याला हवं त्याने पैसे घालावेत, हीसुद्धा आपलीच परंपरा आहे.

तिसरी पाळी

मी एमआयडीसीत कामाला आहे, बऱ्याचदा रात्रपाळी. घर दहा बाय बाराचं, माणसं पाच. सकाळी सातला सुटलो की घरी जाऊन झोपायचं म्हटलं तरी भाच्यांची शाळेची गडबड, टीव्ही, कुकर. सरळसेवा भरतीची परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्यांदा चार गुणांनी राहिली. तो सगळा अभ्यास मी असल्याच एका महापालिकेच्या वाचनालयात केला, सकाळी 8 ते 11. खासगी अभ्यासिकेत महिन्याला बाराशे मागतात, डिपॉझिट वेगळं. बाराशे म्हणजे आमच्या घरचा गॅस आणि वर वीजबिलाला हातभार.

ताळेबंद साहेब, तुम्ही म्हणता ज्याला हवं त्याने वर्गणी काढावी. आमच्या वस्तीत हवं सगळ्यांना आहे, वर्गणी कुणाकडे नाही. 1848 साली पुण्यात वर्गणी कुणाला परवडत होती आणि आत कोण जाऊन बसत होतं, याचाही विचार करा.

ताळेबंद

तुमच्या जिद्दीबद्दल आदर आहे, मनापासून. पण तुम्ही वर्णन केलं ती अभ्यासिका आहे, ग्रंथालय नव्हे. तुम्हाला खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता हवी होती. ती द्यायला पुस्तकं, ग्रंथपाल, उपकर काहीच लागत नाही. महापालिकेच्या शाळांचे वर्ग सकाळी लवकर आणि रात्री मोकळेच असतात, ते उघडा.

तिसरी पाळी

सुरुवातीला मलाही तेवढंच हवं होतं. पण पुस्तकं नसती तर मी गणिताच्या पुढे गेलो नसतो. चालू घडामोडींसाठी जुने अंक लागायचे, ते तिथल्या वाचनालयातल्या बाई काढून ठेवायच्या. इतिहासाचं कुठलं पुस्तक आधी वाचायचं, कुठलं नंतर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बाईंनी सांगितलं. रिकाम्या वर्गात पंखा मिळेल, पण काय वाचायचं हे सांगणारं माणूस मिळणार नाही.

स्क्रीनवाचक

या सगळ्यात इमारत कशाला हवी? भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, हजारो मराठी पुस्तकं जालावर फुकट मिळतात. तोच पैसा टॅब आणि वायफायवर लावला तर जास्त लोकांपर्यंत जाईल.

नदीकाठ

फोन घरात एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, अशी घरं आमच्या प्रभागात भरपूर आहेत. टॅब आणि वायफाय जरूर द्या, वाचनालयातच द्या. तिथे बसायला जागा आहे, वीज आहे, लक्ष ठेवायला माणूस आहे. निदान होता.

पेटीकपाट

मी ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. गाव तालुक्यापासून 14 किलोमीटर. चर्चा शहराची आहे, तरी लिहिते, कारण 'कागदावरचं वाचनालय' वाचून राहवलं नाही.

2012 नंतर थेट दहा वर्षांनी अनुदानात 60 टक्के वाढ झाली. ऐकायला फार मोठी वाटते. ड वर्गाला वर्षाला 30 हजार मिळायचे, त्याचे 48 हजार झाले. त्यातला निम्मा वेतनावर, निम्मा वेतनेतर. म्हणजे माझा पगार महिना 2000. वाढीआधी 1250 होता. उरलेल्या 24 हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं, वीज, फर्निचर, रजिस्टरं, हिशेब तपासणीचा खर्च, सगळं.

पण रकमेपेक्षा मला जास्त छळते ती वेळ. अनुदान दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता आमच्याकडे बहुतेक मार्चच्या शेवटी पोचतो आणि तो त्याच वर्षात खर्ची पडलेला दाखवायचा असतो. हातात आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी शहरात जाऊन पुस्तकं निवडू शकत नाही. विक्रेता गठ्ठा घेऊन दारात येतो, सवलत चांगली देतो, बिल नीट देतो. गठ्ठ्यात असतं काय? व्यक्तिमत्त्व विकास, पाककृती आणि मोठ्या टायपातली चरित्रं. माझ्याकडे जून महिन्यात एक मुलगी शेळीपालनाचं पुस्तक मागून गेली, एक आजोबा ज्ञानेश्वरीची सार्थ प्रत मागून गेले. मी ती नावं वहीत लिहून ठेवते. मार्चमध्ये वही उघडायलाही वेळ नसतो. वर्तमानपत्रवाल्याची आणि विजेची बिलं वर्षभर मी आणि आमचे अध्यक्ष खिशातून भरतो, मग मार्चमध्ये काढून घेतो.

आणि बोगस वाचनालयांबद्दल. होती, मीही पाहिली आहेत. पण त्या पडताळणीनंतर वर्गवाढ थांबली ती सगळ्यांचीच. आमची पुस्तकं, वाचक, जागा सगळं क वर्गाच्या निकषात कधीच बसतं, तरी आम्ही ड मध्येच अडकलोय. चोरी त्यांनी केली, शिक्षा आम्ही भोगतोय. ताळेबंद, तुम्ही हिशेबाचे माणूस दिसता, म्हणून तुम्हालाच सांगते. आमच्याकडे या, दाखलनोंद (आलेल्या पुस्तकांची नोंदवही) आणि देवघेव रजिस्टर तुमच्यासमोर ठेवते. पानं उलटून बघा आणि मग कागदावरचं म्हणा.

बेंगळुरूत अठरा वर्षं

नदीकाठ यांनी कर्नाटकाचं उदाहरण दिलं म्हणून इथला अनुभव सांगतो. 6 टक्के उपकर आम्ही घरपट्टीबरोबर खरोखर भरतो. पण तो गोळा करते महानगरपालिका आणि द्यायचा असतो ग्रंथालय खात्याला. मधल्या मध्ये तो अडकतो. थकबाकी कोट्यवधींची, दर काही महिन्यांनी इथल्या वर्तमानपत्रांत बातमी येते, खातं पत्रं लिहितं आणि महापालिका हप्त्याहप्त्याने थोडं थोडं देते. आमच्या शाखेत कन्नड पुस्तकं भरपूर आहेत, कर्मचारी प्रेमळ आहेत, पण छत गळतं ते गळतंच.

तरीही मी उपकराच्या बाजूने आहे. कारण थकबाकी मागता तरी येते. ती कायद्याने ठरलेली रक्कम आहे, कोर्टात किंवा सभागृहात आकडा दाखवता येतो. तुमच्या हजार रुपयांच्या टोकन तरतुदीविरुद्ध तुम्ही काय दाखवणार?

ताळेबंद

म्हणजे उपकर लावूनही छत गळतंच. माझा मुद्दा याहून चांगला मला मांडता आला नसता.

पेटीकपाट ताई, तुमच्याबद्दल सरसकट बोललो ते चुकलं, शब्द मागे घेतो. तुमचा प्रश्न वेळेवर पैसे मिळण्याचा आहे आणि तो एका शासन निर्णयाने सुटू शकतो. पहिला हप्ता एप्रिलमध्ये, दुसरा ऑक्टोबरमध्ये. त्याला नवा कर लागत नाही.

क्वीन्सहून

न्यूयॉर्कचं अलीकडचं सांगते. इथे तीन ग्रंथालय संस्था आहेत, न्यूयॉर्क पब्लिक, ब्रुकलिन आणि क्वीन्स. तिन्ही मुख्यत्वे शहराच्या अंदाजपत्रकावर चालतात. नोव्हेंबर 2023 मध्ये कपात झाली आणि रविवारी उघड्या असणाऱ्या बहुतेक शाखांची रविवारची सेवा बंद झाली. शहर श्रीमंत, ग्रंथालयं जगप्रसिद्ध, तरी कात्री लागलीच. आमच्या भागात दुकानांत, हॉटेलांत, लोकांच्या घरी काम करणारी माणसं राहतात. आठवडाभर त्यांना वेळ नसतो. रविवारीच मुलांना घेऊन ती ग्रंथालयात जायची, इंग्रजीच्या वर्गाला, फॉर्म भरायला मदत घ्यायला. कपात 'फक्त एका दिवसाची' होती, पण ज्यांना ती लागली त्यांच्याकडे तो एकच दिवस होता.

मग लोक बोलले. सुनावण्यांना रांगा लागल्या, पत्रं गेली, नगर परिषदेने विषय धरून ठेवला. जून 2024 मध्ये 5.83 कोटी डॉलर परत मिळाले आणि रविवार पुन्हा सुरू झाला. यातून मी दोन्ही बाजूंना एक सांगते. स्वतंत्र उपकर नसताना कपात झाली, हे नदीकाठ यांच्या बाजूचं. उपकर नसताना ती मागेही घेतली गेली, हे ताळेबंद यांच्या बाजूचं. पण त्यासाठी अंदाजपत्रकावर जाहीर सुनावणी लागते आणि प्रश्न विचारणारे निवडून आलेले लोक लागतात.

नदीकाठ

हे दुसरं महत्त्वाचं आहे. आमच्याकडे मधली काही वर्षं प्रशासकच होते. आमच्या वाचनालयाची रक्कम वर्ग झाली तेव्हा सभागृहात विचारायला कुणी नव्हतंच.

बेंगळुरूचा अनुभव वाचून मी माझी मागणी बदलतो. नुसता उपकर नको. तो प्रभागवार वेगळ्या खात्यात जमा व्हावा, पाच वर्षांनी आपोआप संपावा, पुढे हवा असेल तर सभागृहाने पुन्हा मंजूर करावा. वाचनालयाच्या दारावर तीन आकडे लिहावेत: जमा किती, खर्च किती, पुस्तकं किती दिली. आणि कायद्यात ग्रंथालय अनिवार्य कर्तव्यांच्या यादीत घ्यावं. ही शेवटची दुरुस्ती झाली नाही तर बाकीचं सगळं पुढच्या तंगीत पुन्हा वाहून जाईल.

दवाखान्याचं म्हणाल, तर तो मुद्दा मला रात्रभर टोचत होता. डॉक्टर नसणं भयंकरच आहे. पण आमच्या वाचनालयातून काढलेली रक्कम दवाखान्याला गेली नाही, मी पाहिलं. ती प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणाला गेली.

ताळेबंद

हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं. सुशोभीकरणाला गेली असेल तर माझा विरोध त्या रकमेला आहे, तुम्हाला नाही.

पाच वर्षांनी संपणारा उपकर मी आजवर पाहिलेला नाही, त्यामुळे उपकरावर सही करणार नाही. पण जुनी तरतूद परत आणणं, लिपिकाचं पद भरणं आणि दारावर आकडे लिहिणं, या तिन्हींवर करेन. अर्ज लिहाल तेव्हा लेखाशीर्षाचा क्रमांक आणि मूळ व सुधारित अंदाजाच्या पानांच्या प्रती जोडा, नुसत्या भावनेवर फाइल हलत नाही. मसुदा पाठवा, मी आकडे तपासून देतो.

तिसरी पाळी

अर्जात वेळ लिहाल का? सकाळी 7 पासून. आठला उघडलं तर रात्रपाळीवाले तासभर पायरीवर बसतात, आणि पावसाळ्यात पायरी ओली असते.

पेटीकपाट

आणि लिपिक बाईंचं पद म्हणताना 'ग्रंथपाल' असं लिहा. लिपिक लिहिलंत तर निवडणुकीच्या कामाला पहिली त्यांनाच काढतील.