हॉकी ईस्टचे शेवटचे सामने बॉस्टनला बघायचे आहेत, आजोबा आणि नातवाला घेऊन. कुठला दिवस, कुठली जागा?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. आम्ही बॉस्टनजवळ चेम्सफर्डला राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे आणि सहाव्या वर्षापासून आइस हॉकी खेळतोय. सासरे डिसेंबरात कोल्हापूरहून आलेत, मार्चअखेर परत जातील. वय ७६. सगळा जन्म शिवाजी पेठेत गेला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाचा फुटबॉल सामना असला की जेवणाचं ताट तसंच ठेवून निघणारा माणूस. इथे नातवाच्या पहाटेच्या सरावाला रोज माझ्याबरोबर येतात, शाल गुंडाळून काचेबाहेर उभे राहतात. थंडीबद्दल अजून एकदाही तक्रार केलेली नाही.

त्यांना आणि मुलाला मिळून एकदा भरलेल्या स्टेडियममधला सामना दाखवायचा आहे. ब्रुइन्सची, म्हणजे बॉस्टनच्या व्यावसायिक संघाची, चार तिकिटं आम्हाला परवडणारी नाहीत. मुलाचे कोच म्हणाले, कॉलेजच्या मुलांची हॉकी ईस्ट स्पर्धा बघा, मार्चमध्ये बॉस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियमला असते. मला यातलं फारसं कळत नाही. उपांत्य फेरी बघावी की अंतिम? ही त्या बीनपॉटसारखीच स्पर्धा आहे का? आणि ७६ वर्षांच्या माणसाला ते झेपेल का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

लोवेलकर_१३
ताई, आधी बीनपॉटचा गोंधळ मिटवतो. ती फेब्रुवारीत, पहिल्या दोन सोमवारी. बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, नॉर्थईस्टर्न आणि हार्वर्ड एवढे चारच संघ. गावातल्या गावात मान कुणाचा, इतकाच प्रश्न असतो. हॉकी ईस्ट हा ११ विद्यापीठांचा गट आहे, १९८४-८५ च्या मोसमापासून चालू. बॉस्टनचे ते तीन, शिवाय मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, प्रॉव्हिडन्स, मेरिमॅक, कनेटिकट, यूमास (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) आणि आपलं लोवेलचं विद्यापीठ. हार्वर्ड यात नाही.

मोसम संपला की ११ जणांची बाद फेरी. पहिले पाच थेट उपांत्यपूर्व फेरीत, खालचे सहा आपसात भिडून उरलेल्या तीन जागा मिळवतात. उपांत्यपूर्व सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी होतो. पुढे चार संघ गार्डनला येतात. जिंकणाऱ्याला लॅमोरिएलो करंडक मिळतो आणि राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. त्या राष्ट्रीय स्पर्धेत देशभरातून १६ संघ असतात आणि सहा गटांच्या विजेत्यांनाच जागेची खात्री असते. बाकीचे गुणांकनाच्या जोरावर. म्हणून गुणांकनात मागे पडलेला संघ इथे जिवावर उदार होऊन खेळतो. हरला तर त्याचं वर्ष त्याच रात्री संपतं.

आता माझा खरा सल्ला. गार्डनला जाच, पण त्याआधीच्या आठवड्यात लोवेलच्या घरी सामना आला तर तो सोडू नका. त्सोंगास सेंटर तुमच्यापासून किती लांब, पंधरा मिनिटं? पूर्वी उपांत्यपूर्व फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकावे लागायचे, आता एकच. चौथ्या वर्षातल्या मुलांचा आपल्या बर्फावरचा तो शेवटचा सामना, हे सगळ्या स्टेडियमला माहीत असतं. पेठेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मी २०१३ मध्ये लोवेलला एमएस करत होतो. सांगलीहून आलेला, तोवर बर्फ फक्त गोळेवाल्याकडे पाहिलेला. त्या वर्षी लोवेलनं अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीला १-० नं हरवलं, आमचा पहिलावहिला करंडक. गोलमध्ये कॉनर हेलेबक होता, तेव्हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. पुढच्या वर्षी न्यू हॅम्पशायरला ४-० नं हरवून पुन्हा आम्हीच. दोन अंतिम सामन्यांत या पोरानं एकही गोल होऊ दिला नाही. तोच पुढे विनिपेगकडून खेळला आणि २०२५ मध्ये एनएचएलचा, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा. आज ज्याला स्वस्तात पंचवीस फुटांवरून बघाल, तो दहा वर्षांनी कोण असेल कुणी सांगावं!

नॉर्थ_स्टेशन
गाडी नेऊ नका. लोवेलची लोकल थेट नॉर्थ स्टेशनला येते आणि गार्डन स्टेशनच्या डोक्यावरच आहे. बाहेर रस्त्यावर न जाता आत जाता येतं. आजोबांसाठी याहून सोपं काही नाही. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी बघून ठेवा. बाद फेरीत बरोबरी झाली तर शूटआउट नसतो. गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा डाव चालू राहतात.

ओरोनोची_थंडी
लोवेलकरांशी थोडी असहमत आहे. एकच दिवस शक्य असेल तर अंतिम सामनाच बघा. मी मेन विद्यापीठात शिकले. आम्हाला २००४ नंतर करंडक मिळालाच नव्हता. २०२५ मध्ये उपांत्य फेरीत नॉर्थईस्टर्नला दुसऱ्या जादा डावात ४-३ नं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कनेटिकटला ५-२ नं. आम्ही सहा जण पोर्टलंडहून डाउनईस्टर आगगाडीनं आलो होतो, तीही नॉर्थ स्टेशनलाच उतरवते. गार्डनमध्ये निळे शर्टच निळे शर्ट. माझ्या शेजारी साठीतलं एक जोडपं होतं. त्यांचा मुलगा २००४ च्या वेळी शाळेत होता आणि आता स्वतःच्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा त्या बाईंनी मला, अनोळखी मुलीला, मिठी मारली. एकवीस वर्षं थांबलेली माणसं कशी दिसतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

उपांत्य फेरीच्या दिवशी ओळीनं दोन सामने असतात. ७६ व्या वर्षी सात-आठ तास बसणं जड जाईल.

आणि सुट्टी टाकण्याआधी यंदाचं वेळापत्रक बघा. २०२४ ला शुक्रवार-शनिवार होते, २०२५ ला गुरुवार-शुक्रवार.

पाऊसवेडी
किती छान माहिती, मनापासून आभार. दोन शंका उरल्यात. बाबांना टीव्हीवर पक (ती रबराची काळी चकती) दिसत नाही, तिथे दिसेल का? मुलगा म्हणतो काचेला लागूनच बसायचं. बाबांचे गुडघे दुखतात, जिने नकोत. आणि मारामारी होते का हो? एनएचएलच्या क्लिप बघून ते फार अस्वस्थ झाले होते.

बर्फावरचा_बाप
मारामारीची काळजी सोडा. कॉलेजच्या खेळात हाणामारी केली की त्या सामन्यातून बाहेर आणि पुढचाही सामना गेला. शिवाय सगळ्यांना चेहरा पूर्ण झाकणारी जाळी किंवा पारदर्शक आवरण सक्तीचं. धक्के जोरात बसतात, काच हादरते, पण हातमोजे काढून ठोसे मारणं हा तिथला खेळ नाही. माझी मुलगी सात वर्षांची असल्यापासून येते.

काचेजवळ बसू नका. मुलाला दोन मिनिटं मजा वाटेल, मग आपल्या बाजूच्या कठड्याखाली पक गेला की काहीच दिसत नाही आणि पलीकडचा गोल तर फक्त आवाजावरून कळतो. थोडं वर, बर्फावरच्या दोन निळ्या रेषांच्या मधल्या भागासमोर बसलात तर अख्खा पट दिसतो. बाल्कनीतून चित्र उत्तम दिसतं, पण तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालच्या मजल्यावर, तिकीट काढतानाच कमी पायऱ्यांच्या, अपंगांसाठी राखलेल्या जागा मागा. सोबतच्या माणसांनाही तिथे बसता येतं.

पक शोधायचाच नाही, हे आजोबांना आधी सांगा. खेळाडूंचे खांदे कुठे वळलेत ते बघायचं, पक तिकडेच असतो. फुटबॉल बघितलेल्या माणसाची नजर चार दिवसांत बसते. ऑफसाइड मात्र वेगळा. पक निळी रेषा ओलांडून आत जाण्याआधी आपला माणूस आत पोचला की शिट्टी. स्वतःच्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावला तर तो पुन्हा भिरकावणाऱ्याच्याच गोलपाशी आणतात, याला आयसिंग म्हणतात. चुकीला दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ समोरच्यांचा एक माणूस जास्त. सामन्याचा रंग पालटतो तो याच दोन मिनिटांत. आणि खेळ चालू असतानाच पाऊण-एक मिनिटानं गडी बदलतात. आजोबांना वाटेल कुणी दुखावलं. तसं नाही, त्यापेक्षा जास्त वेळ त्या वेगानं खेळताच येत नाही.

एक ऐका. नातवालाच समजावू द्या. आजोबांना खेळ शिकवायची संधी त्याला पुन्हा कधी मिळणार?

श्रूजबरीकर
वूस्टरच्या बाजूनं येणाऱ्या कुणी हा धागा वाचत असेल तर: आपली लोकल साउथ स्टेशनला जाते. तिथवर जाऊ नका. बॅक बे स्टेशनला उतरून ऑरेंज लाइन मेट्रो पकडा, ती थेट नॉर्थ स्टेशनला सोडते.

पाठीवरची पिशवी आत घेऊ देत नाहीत. आजोबांची औषधं असतील तर ती वेगळी, हातात धरून दाखवता येतील अशी ठेवा. डबा आत नेता येणार नाही. सामन्याआधी दहा मिनिटं चालून नॉर्थ एंडला जा, इटालियन वस्ती आहे, बिनमांसाचं जेवण मिळायला अडचण नाही. गार्डनमध्ये गारठा असतो पण तुमच्या पहाटेच्या सरावाइतका नाही. शाल पुरेल.

आणि तिकिटं अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. मी एकदा पुनर्विक्रीच्या एका साइटवर घाई केली. चार तिकिटं एकत्र म्हणून घेतलेली दोन-दोन निघाली, तीही मैदानाच्या दोन टोकांना. मुलगा आणि मी एकीकडे, ही आणि आई दुसरीकडे. आईनं तो सामना एकाही ओळखीच्या आवाजाशिवाय पाहिला. मला अजून वाईट वाटतं.

पाऊसवेडी
ठरलं. लोवेलला घरचा सामना मिळाला तर आधी तो, आणि अंतिम सामना नक्की. लोकलनं जाणार, जागा खालच्या मजल्यावर मधोमध. मुलानं काल रात्रीच बाबांना वाटाण्यांनी निळी रेषा आखून ऑफसाइड शिकवला. बाबांनी विचारलं, चारही संघ आपले नाहीत, मग बाजू कुणाची घ्यायची? मुलगा म्हणाला, जो बरीच वर्षं जिंकला नाही त्याची. बाबांना ते पटलं.

शेवटचं एक विचारते. बाबा डाव्या कानात श्रवणयंत्र लावतात. आवाजाचा त्रास होईल का?

ओरोनोची_थंडी
होईल, आधीच तयारी ठेवा. विद्यापीठांचे बँड प्रेक्षकांतच बसतात आणि खेळ थांबला की लगेच वाजवतात. गोल झाला की भोंगा वेगळाच. तिकीट काढताना बँडची जागा विचारून तिथून लांबचा विभाग घ्या आणि सामना सुरू व्हायच्या आत यंत्राचा आवाज कमी करून ठेवा. माझे बाबा दुसऱ्या डावानंतर ते काढून खिशातच ठेवतात. म्हणतात, गोल झालेला मला पायांतून कळतो.