जाळीत आलं नाही म्हणजे पाण्यात नाही, असं नव्हे

कुणीतरी म्हटलंय, पाण्यात जाळी ओढली, मायक्रोप्लास्टिकचे (प्लास्टिकचे बारीक कण आणि धागे) तुकडे फारसे मिळाले नाहीत, म्हणजे पाणी स्वच्छ. घाई होतेय. पृष्ठभागावर ओढायच्या जाळीची भोकं साधारण ०.३३ मिलिमीटरची. कृत्रिम कपड्यांतून सुटणारे प्लास्टिकचे धागे जाडीला त्याहून कितीतरी बारीक. उभे सरळ निसटतात. धागे मोजायचे तर धातूच्या बादलीत मोजून पाणी घ्या आणि बारीक गाळणकागदातून गाळा. शेजारी एक ओला गाळणकागद उघडा ठेवा. हवेतून त्यावर पडलेले धागे हिशेबात धरा. अंगात कपडे सुतीच हवेत, नाहीतर आपल्याच कपड्यांतले प्लास्टिकचे धागे नमुन्यात पडतात. (फ्लीसचं, म्हणजे मऊ कृत्रिम कापडाचं, जॅकेट घालून घेतलेल्या नमुन्यांबद्दल न बोललेलं बरं.)

तळच्या गाळातून प्लास्टिक तरंगवून वेगळं काढायला मिठाचं संपृक्त द्रावण स्वस्त, पण त्याची घनता १.२ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) च्या आसपास. पॉलिथिलीन तरंगतं, पॉलिएस्टर (१.३८) आणि पीव्हीसी खालीच राहतात. झिंक क्लोराइडने १.५ गाठता येते. मात्र ते जलचरांना विषारी, गाळून पुन्हा वापरा, सांडपाण्यात ओतू नका.

आणि माशाच्या पोटात तुकडे कमी म्हणजे परिणाम कमी, हेही खरं नाही. बरेच तुकडे विष्ठेतून निघून जातात. कोपेपॉडांवरच्या (पाण्यात तरंगणारे कोळंबीच्या गटातले सूक्ष्म जीव) प्रयोगांत नुकसान दिसलं ते वेगळ्याच ठिकाणी: शैवल खाणं घटलं, अंडी लहान झाली.